कडाक्याच्या थंडीसाठी चामड्याचे हातमोजे: देखणे आणि खरोखर उबदार, दोन्ही एकात मिळतं का?

ऋतुजा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या सुरुवातीला ऑफिसच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला चालले आहे. कोट, बूट, थर्मल यांच्यावर इथे भरपूर धागे आहेत, ते सगळे वाचून काढले. हातमोज्यांच्या बाबतीत मात्र जो तो "एक चांगली जोडी घ्या" एवढंच लिहून पुढे सरकतो. चांगली म्हणजे कसली, ते कुणीच सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. काळा, लांब, लोकरीचा कोट घेतलाय. त्यावर बोटांना नीट बसणारे, सडसडीत दिसणारे चामड्याचे हातमोजे हवेत. बॉक्सिंगला निघाल्यासारखे फुगलेले नकोत. इथे पुण्यात कॅम्पातला एम.जी. रोड पालथा घातला. पाकिटं, पट्टे, बॅगा, जॅकेटं ढिगाने आहेत, पण हातमोजे म्हटलं की बाइकचे पुढे करतात. एका दुकानात बिनअस्तराचा एक पातळ जोड निघाला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेदरमध्ये थंडी लागतच नाही." खरं आहे का हे?

बजेट पाच हजारांच्या आत. नवरा म्हणतो तिथे जाऊन घे. आई म्हणते, विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकल्यावर काय खिशात हात घालून उभी राहणार का? दोघांचंही पटतंय, म्हणून इथे विचारतेय.

सदाशिवकर

शीर्षक वाचून वाटलं पुण्याच्या थंडीबद्दल आहे. सिमला ऑफिसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, नोंदीप्रमाणे पुण्याचा नीचांक १.७ अंश, जानेवारी १९३५. तेव्हाही आमच्या घरात कुणी हातमोजे घातल्याचं ऐकिवात नाही. आजोबा कानाला मफलर गुंडाळून पर्वती चढायचे आणि उतरल्यावर दूध प्यायचे. असो. चालू द्या, वाचतोय.

बुलेटस्वार

ताई, एवढा विचार कशाला? चांगल्या कंपनीचे रायडिंग ग्लोव्हज घ्या. चामडंच असतं, शिवण मजबूत, बोटांच्या सांध्यांवर पॅडिंग. डिसेंबरात पहाटे ताम्हिणी उतरलोय, बोटं शाबूत आहेत.

हिमकण

बुलेटस्वार, ताम्हिणीत पहाटे फार तर आठ-दहा अंश असतील. आमच्याकडे तो आकडा मागे उणे लावून येतो. रायडिंगचे हातमोजे घसरून पडलात तर तळहात सोलू नये म्हणून बनवलेले असतात. त्यात हवा खेळायला मुद्दाम भोकं ठेवतात. थंडीत तीच भोकं वैरी.

ऋतुजा, मी मूळची एरंडवण्याची, बरीच वर्षं ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस आणि शेजारचं सेंट पॉल) आहे. आधी थंडीचा अंदाज घ्या (सगळे आकडे सेल्सियसमध्ये). जानेवारीत मिनियापोलिसचं सरासरी किमान तापमान उणे १३ च्या आसपास, दुपारी उणे ५. ही झाली सरासरी. बहुतेक हिवाळ्यांत काही दिवस उणे २०-२५ चे येतात, आणि वर वारा. तापमान उणे २० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ सारखं लागतं. तेवढ्या थंडीत उघड्या बोटांना दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो.

आता घाबरू नका. तुमचं ऑफिस डाउनटाउनमध्ये असेल तर तिथे स्कायवे आहेत. इमारतींना पहिल्या मजल्याच्या उंचीवर जोडणारे बंदिस्त काचेचे पूल, सगळे मिळून पंधराएक किलोमीटरचं जाळं. गाडी लावल्यापासून स्वतःच्या टेबलापर्यंत बाहेरची हवा न लागता जाणारे लोक आहेत. म्हणजे ऑफिसच्या दिवशी बाहेरचा संबंध दोन-पाच मिनिटांचा. तेवढ्याला तुमचे सडसडीत चामडी हातमोजे पुरतील आणि शोभतीलही. पण शनिवारी गोठलेल्या तळ्यावर चालायला निघालात, किंवा बस चुकली आणि पुढच्या बससाठी उभं राहावं लागलं, तर त्या हातमोज्यांचा काही उपयोग नाही. त्यासाठी मिटन लागतात. चार बोटं एका कप्प्यात आणि अंगठा वेगळा. बोटं एकमेकांची ऊब वापरतात, आणि चार बोटांचे चार वेगळे पृष्ठभाग थंडीला तोंड देत बसत नाहीत.

इथली जुनी माणसं 'चॉपर' घालतात. बाहेरून हरणाच्या कातड्याचा ढगळ मिटन आणि आत सुटा लोकरी मिटन. घरी आलं की आतला काढून वेगळा वाळवायचा. दिसायला लाकूडतोड्याचे, पण उणे २० ला कुणी तुमच्या हाताकडे बघत नाही, जो तो स्वतःचं नाक सांभाळत असतो.

शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर: एकात मिळत नाही. दोन जोड घ्या आणि दोन्ही आपापल्या जागी वापरा.

मंजिरी०७

स्कायवेबद्दल पहिल्यांदाच कळलं. वाचनखूण साठवली.

टाके_उसवे

दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं आहे म्हणून लिहायला बसले. मी वानवडीत चामड्याच्या बॅगा शिवते. हातमोजे शिवायला शिकले आहे, पण विकत नाही. एका जोडीला जेवढा वेळ आणि जीव जातो तेवढे पैसे पुण्यात कुणी देणार नाही.

चामडं वारा अडवतं, एवढंच त्याचं काम. ऊब धरून ठेवते ती अस्तरात अडकलेली, न हलणारी हवा. बिनअस्तराचा पातळ हातमोजा घालून गारठलेल्या स्टीअरिंगला हात लावा, गारवा थेट हाडात शिरतो. तो जोड पुण्यातल्या लग्नाच्या फोटोपुरता ठीक.

चामडं कुठलं, याला मात्र महत्त्व आहे. देखण्या हातमोज्यांना बहुतेक वेळा मेंढी किंवा कोकरू वापरतात, त्यालाच दुकानात नापा म्हणतात. त्यातही ज्या मेंढ्यांच्या अंगावर लोकरीऐवजी केस असतात त्यांचं कातडं नामी. इथिओपियाच्या मेंढ्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. दाट लोकरीच्या मेंढीचं कातडं आतून सैल, थोडं पोकळ असतं. केसाळ मेंढीचं घट्ट असतं, त्यामुळे अगदी पातळ तासलं तरी फाटत नाही. पातळ राहिलं की बोटं जाडी दिसत नाहीत, आणि तुम्हाला हवा तो सडसडीतपणा तिथूनच येतो. शेळीचं दाणेदार आणि चिवट, रोज वापरायला उत्तम, पण स्पर्श नापासारखा लोण्याचा नाही. गायी-म्हशीचं जाड, ते कामगारांच्या हातमोज्यांना. आपल्या देशातून चामडी हातमोजे भरपूर बाहेर जातात, कोलकात्याला मोठं काम चालतं, पण त्यात कारखान्यात वापरायच्या जाड्या हातमोज्यांचा वाटा फार मोठा. म्हणून एम.जी. रोडवर तुम्हाला हवा तसा जोड दिसत नाही. चामड्याची कमतरता नाही, असे हातमोजे घालायला आपल्याकडे थंडीच नाही.

हरणाचं कातडं ओलं होऊन वाळलं तरी मऊच राहतं, म्हणून हिमकण म्हणतात तसे चॉपर त्याचे करतात. ते अमेरिकेत. इथे कुणी "अस्सल हरीण" म्हणून काही विकत असेल तर हातही लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा आहे.

ऋतुजा_कर्वेनगर

बाप रे, किती माहिती! हिमकण, ऑफिस डाउनटाउनलाच आहे, स्कायवेचं ऐकून जीव भांड्यात पडला. टाकेताई, आता मला सांगा, दुकानात हातमोजा हातात घेतल्यावर चांगला की टाकाऊ हे ओळखायचं कसं? "जेन्युइन लेदर" असा शिक्का बघून घ्यायचं का?

टाके_उसवे

त्या शिक्क्यावरून चामडं आहे एवढंच कळतं, कसलं आणि किती बरं ते कळत नाही.

हातमोजा घ्या आणि बोटं फाकवून दोन बोटांच्या मधे बघा. बोटाची पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी शिवलेली असते, तिला फोर्शेट म्हणतात. स्वस्त मालात ती पट्टी चामड्याची नसतेच, ताणलं जाणारं कापड घालतात. तिथूनच वारा शिरतो आणि तिथेच आधी उसवतं. आता आणखी खाली, जिथे दोन बोटं तळहाताला मिळतात त्या खाचेत बघा. तिथे नखाएवढा, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा तुकडा बसवलेला दिसला तर समजा कारागिराने काम मनापासून केलंय. त्या तुकड्यामुळे बोट बाजूला हलवताना खाचेवर ताण येत नाही. इतका बारीक तुकडा चारही बाजूंनी शिवणं म्हणजे डोळे फुटायची कामं, म्हणून घाईच्या मालात तो गाळतात.

मग अंगठा. मूठ वळा आणि अंगठा आत घ्या. अंगठ्याच्या बुडाशी चामडं ओढलं जात असेल तर माप कितीही बरोबर असो, तो हातमोजा परत ठेवा. चांगल्या कारखान्यात कापण्याआधी कातडं किंचित ओलसर करून लांबीच्या दिशेने पुरतं ताणून घेतात. लांबीतला ताण आधीच निघून गेला की हातमोजा पुढे रुंदीत हाताप्रमाणे सैलावतो, पण बोटं लांब होऊन टोकाशी लोंबत नाहीत. दुकानात बोट हलकेच लांबीत ओढून बघा. रबरासारखं लांबायला लागलं तर दोन महिन्यांत बोटांच्या टोकाला रिकामी टोपणं दिसतील.

मागच्या बाजूला तीन उभ्या रेषा असतात त्या शोभेच्या. असल्या तर हात लांबट दिसतो, नसल्या तर काही बिघडत नाही.

बुलेटस्वार

टाकेताई, माझ्या रायडिंग ग्लोव्हजमध्ये आत्ता बघितलं. बोटांच्या मधे कापडच आहे 😅

नुपूर_उत्तरध्रुव

स्टॉकहोमहून. हिमकणना अनुमोदन, फक्त "दोन जोड" मध्ये माझी थोडी दुरुस्ती. चामड्याच्या हातमोज्यांचं अस्तर नीट निवडलं तर उणे दहापर्यंत चालत्या माणसाला एकच जोड पुरते. मी हिवाळाभर कश्मिरी लोकरीचं विणलेलं अस्तर असलेले नापाचे हातमोजे वापरते. कश्मिरी पातळ असूनही उबदार, आणि हाताचा घाम शोषून घेतं. रेशमी अस्तर दिसायला सगळ्यात सुरेख, पण ते शून्याच्या वरच्या थंडीसाठी. शिअरलिंग, म्हणजे मेंढीचं लोकरीसकट कमावलेलं कातडं, सगळ्यात उबदार, पण शिवणी जाड होतात आणि ऋतुजाला नको असलेला फुगीरपणा येतो. थिन्सुलेट, म्हणजे बारीक कृत्रिम तंतूंचं अस्तर, हे चौथं. कमी जाडीत बरीच ऊब मिळते, लेबलवर ४०, १००, २०० असे ग्रॅमचे आकडे असतात. आकडा जेवढा मोठा तेवढं अस्तर जाड. ऑफिसच्या हातमोज्यांत ४० च्या आसपास बघा. ते बनवणारी थ्रीएम कंपनी मिनेसोटातलीच आहे, त्यामुळे तिकडे थिन्सुलेटवाल्या मालाचा तुटवडा पडणार नाही.

कश्मिरीची एक खोड आहे. बोटांच्या टोकाशी नखं घासून ते झिजतं. नखं वाढवणाऱ्या मैत्रिणींनी नोंद घ्यावी. आणि खड्याची अंगठी हातमोज्याखाली घालू नये. खडा अस्तरात अडकतो, हातमोजा काढताना धागा ओढला जातो, आणि एकदा वीण सुटली की शिवून उपयोग होत नाही.

हिमकण

नुपूर, "चालत्या माणसाला" हे तुम्हीच लिहिलंत, तिथेच सगळी मेख आहे. चालताना शरीर तापतं, हातापर्यंत रक्त पोचतं. बसस्टॉपवर उभ्या माणसाला उणे दहाला तेच हातमोजे अपुरे पडतात. शिवाय स्टॉकहोमला समुद्र जवळ आहे, आमच्याकडची कोरडी थंडी उणे पंचवीसवर जाते त्याचं काय? मी मिटनवर ठाम.

नुपूर_उत्तरध्रुव

उणे पंचवीसला मीही मिटनच घालते, त्यात दुमत नाही. पण तसे दिवस किती? रोजच्या आयुष्यासाठी खरेदी करायची तर रोजची थंडी बघून करावी, असं माझं मत. इथल्या शाळेच्या मुलांना मिटन, मोठ्यांना कामावर जाताना चामडं, हेच सगळीकडे दिसतं. हेस्त्रा नावाची इथली हातमोज्यांची कंपनी १९३६ पासून आहे, सुरुवात लाकूडतोड्यांच्या कामाच्या हातमोज्यांनी झाली. आज त्यांच्याच दुकानात एका भिंतीवर स्कीइंगचे जाडे आणि दुसऱ्या भिंतीवर शहरात घालायचे पातळ असतात. म्हणजे हे दोन वेगळे प्रकार आहेत हे तेही मानतात. हिमकण, इथे तुम्ही जिंकलात.

अहिंसा_प्रथम

प्राण्यांचं कातडं नको असेल तर काय पर्याय? "व्हीगन लेदर" लिहिलेले ऑनलाइन बरेच दिसतात. आमच्या घरी लोकर चालते, चामडं नाही.

टाके_उसवे

स्पष्ट सांगते, राग मानू नका. त्यातला बराचसा माल पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड असतं, आपल्या रेक्झिनचाच धाकटा भाऊ. कडक थंडीत तो थर ताठरतो, बोटांच्या सांध्यांवर घड्या पडतात आणि तिथेच चिरा जातात. चामड्याची नक्कल करणारं काही घेण्यापेक्षा सरळ घट्ट विणीचे लोकरीचे हातमोजे घ्या, आणि वर वारा अडवणाऱ्या कापडाचं आवरण. दिसायलाही ते जास्त प्रामाणिक वाटतं.

अहिंसा_प्रथम

राग कसला, हेच हवं होतं. धन्यवाद.

ओपीडी_संपली

डॉक्टर आहे, म्हणून थोडं तब्येतीच्या अंगाने. धागाकर्तीला एक प्रश्न: पुण्यातल्या थंडीत किंवा फ्रिजरमधून काही काढताना तुमची बोटं एकदम पांढरीफटक पडतात का? पांढरी, मग निळसर, आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात, असं होत असेल तर त्याला रेनॉचा विकार म्हणतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. बायकांमध्ये जास्त दिसतो. तसं असेल तर जायच्या आधी फिजिशियनला दाखवा, आणि फॅशन बाजूला ठेवून पहिल्या दिवसापासून मिटन.

दुसरं, हात गार पडायचं कारण दर वेळी हातात नसतं. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवरतं घेतं. कोटाच्या आत अंग उबदार नसेल तर कितीही भारी हातमोजे घाला, बोटं गारच. तिसरं, घट्ट हातमोजा वाईट. एकतर रक्त अडतं आणि दुसरं म्हणजे अस्तर दाबलं जाऊन त्यातली हवा निघून जाते. आणि कधी बोटं बधिर होऊन पांढरी-मेणचट दिसली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. आत जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

ऋतुजा_कर्वेनगर

डॉक्टर, तसं काही होत नाही, पण धाकट्या बहिणीचं वर्णन केल्यासारखं वाटलं. तिला दाखवायला सांगते.

घट्ट नको आणि सैलही नको म्हणजे माप कसं घ्यायचं? ऑनलाइन कुठे एस-एम-एल लिहितात, कुठे साडेसहा-सात. साडेसहा म्हणजे काय?

टाके_उसवे

इंच. शिंप्याकडची टेप घ्या. ज्या हाताने लिहिता तो हात, अंगठा वगळून, तळहाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती, म्हणजे बोटांच्या गाठींवरून, टेप गुंडाळा आणि मूठ अलगद वळा. आला तो आकडा तुमचा नंबर. सात इंच आले तर सात नंबर. बायकांचे साधारण साडेसहा ते साडेसात, पुरुषांचे आठच्या पुढे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतही मोजा. दोन्ही आकड्यांत फरक आला तर मोठा धरा. अस्तर जाड असेल तर अर्धा नंबर वर. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचे तळवे अरुंद आणि बोटं लांब असतात, त्यामुळे एस घेतला तर बोटाला आखूड आणि एम घेतला तर तळव्याला ढगळ, असं होतं. म्हणून शक्यतो अर्ध्या नंबरात मिळणारे घ्या.

ही नंबरांची पद्धत जुनी आहे. ग्रनोबल या फ्रेंच गावात झाव्हिए जुव्हँ नावाचा हातमोजेवाला होता. त्याने वेगवेगळ्या हातांची मापं घेऊन त्यांचे नंबर ठरवले आणि १८३४ मध्ये एका दाबात हातमोजा कापणारा लोखंडी साचा काढला. तोवर प्रत्येक कारागीर अंदाजाने कात्री चालवायचा.

हिमकण

लांबीकडेही बघा. मनगट उघडं राहिलं तर बाकी सगळं पाण्यात, तिथे रक्तवाहिन्या अगदी वर असतात. हातमोज्यांची लांबी 'बटणां'त मोजतात, एक बटण म्हणजे साधारण इंच, अंगठ्याच्या बुडापासून वर. दोन बटणांचे मनगटाशी संपतात. कोटाखाली घालायचे तर चार बटणांचे घ्या, म्हणजे हात वर केला तरी बाहीआड राहतात. मनगटापाशी धातूचं बकल असलेले टाळा. शोभेला छान, पण गारठलेलं बकल कातडीला लागलं की कळतं.

सहकारनगरची_काकू

अगं ऋतुजा, बांगड्या-घड्याळ हातमोज्याच्या बाहेर की आत, ते कुणीच बोललं नाही! मुलाकडे शिकागोला गेले तेव्हा हातातल्या सोन्याच्या दोन बांगड्या काढायला मन होईना. हातमोज्याची कड बांगड्यांवर चढेना आणि मधे चार बोटं मनगट उघडं. शेवटी सुनेने विणलेल्या लांब मनगटपट्ट्या आणल्या, त्या बांगड्यांवरून ओढल्या की वारा बंद. खालून हातमोजे. चांगले दिसतात गं, लाल घेतल्या होत्या.

आणि दुसरं महत्त्वाचं. परत आल्यावर हे हातमोजे पुण्यात ठेवणार कुठे? जून ते सप्टेंबर कपाटात कोंडलेल्या चामड्यावर हमखास बुरा चढतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवू नको. जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळायचे, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. डांबराच्या गोळ्या चामड्याला खेटून नकोत, वास सुटत नाही. उघडीप मिळाली की तासभर पंख्याखाली, उन्हात नाही. बुरा आलाच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसायचा, आत झटकलास तर बाकी कपाटभर पसरतो.

ऋतुजा_कर्वेनगर

काकू, मनगटपट्ट्यांची कल्पना भन्नाट! माझ्या हातात आजीचं कडं असतं, तोच प्रश्न येणार होता.

रंगाबद्दल कुणी सांगेल का? कोट काळा आहे म्हणून हातमोजे काळेच घ्यायचे का?

नुपूर_उत्तरध्रुव

काळ्यावर काळं कधीच चुकत नाही आणि कधी लक्षातही राहत नाही. गडद चॉकलेटी किंवा वांगी रंग बघा, बॅगेशी किंवा बुटांशी जमणारा. हिवाळ्यात सगळं शहर काळं-करडं झालेलं असतं, तेव्हा हातात एवढासा रंग बरा वाटतो. फिकट तपकिरी दिसतो सुंदर, पण बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा गाडीच्या दारावर बसलेला राप पहिल्याच आठवड्यात त्यावर उमटतो.

बुलेटस्वार

एक शंका. हातमोजे घालून मोबाइल चालतो का? मॅप बघायला.

हिमकण

फोनची काच बोटातली किंचित वीज ओळखून चालते. साधं चामडं ती जाऊ देत नाही, म्हणून काही हातमोज्यांना वीज वाहणारा लेप किंवा धागा देतात. लेप घासून घासून जातो. टाइप करायला तसाही त्रासच, फोन उचलण्यापुरतं चालतं. त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

ऋतुजा, आता खरेदीचं. चामडी जोड इथे येऊन घ्या. ख्रिसमसनंतर हिवाळी मालाचे सेल लागतात, मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, आणि मुख्य म्हणजे घालून बघता येईल. ऑनलाइन घेऊन अंगठा चुकला तर सगळंच चुकलं. आईंचं म्हणणंही बरोबर आहे, उतरल्या क्षणी हात झाकायला काहीतरी हवंच. त्यासाठी पुण्यातून स्वस्तातले, पातळ लोकरीचे किंवा फ्लीसचे हातमोजे आणा. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांसाठी डेकॅथलॉनमध्ये मिळतात, नाहीतर हिवाळ्यात फूटपाथवर बसणाऱ्या स्वेटरवाल्यांकडे. पुढे तेच मिटनच्या आत घालता येतील, पैसे वाया जाणार नाहीत.

सदाशिवकर

म्हणजे निष्कर्ष असा की नवरा आणि आई दोघेही बरोबर. हे फक्त ऑनलाइनच घडू शकतं.

ऋतुजा_कर्वेनगर

😂 दोघांनाही धागा वाचायला दिलाय.

ठरलं: इथून फ्लीस, तिथे जाऊन वांगी रंगाचे कश्मिरी अस्तराचे, चार बटणांचे, आणि पहिल्या पगारात चॉपर. एक शेवटचा प्रश्न. बर्फाने चामडं भिजलं तर? हेअर ड्रायर चालेल का? हॉटेलात असेलच.

टाके_उसवे

अजिबात नाही! ड्रायर नाही, हीटर नाही, रेडिएटरवर तर मुळीच नाही. ओल्या चामड्याला उष्णता लागली की ते आक्रसतं आणि पापडासारखं कडक होतं, मग कितीही मलम चोळा, परत येत नाही. टॉवेलने टिपून घ्या, बोटं एकेक करून सरळ करा, तोंड उघडं ठेवून खोलीच्या हवेत आडवे पसरा. पूर्ण वाळायच्या थोडं आधी एकदा हातात घालून मुठी वळा, म्हणजे आकार धरतात. मिठाचे पांढरे डाग पडले तर पाण्यात थोडंसं व्हिनेगर घालून ओलसर फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. हिवाळ्यातून एक-दोनदा चामड्याचं क्रीम, बोटाच्या टोकाएवढं.

आणि काढताना मनगटाला धरून ओढू नका. आधी पाचही बोटांची टोकं एकेक करून सैल करा, मग सगळा हातमोजा सरकतो. ओढून काढला की आतलं अस्तर उलटं बाहेर येतं आणि बोटांत गोळा होऊन बसतं.

हिमकण

शिवाय फ्लीसचे हातमोजे चेक-इन बॅगेत टाकू नका, कोटाच्या खिशात ठेवा. इथे टॅक्सीच्या रांगेत उभं राहिल्यावर बॅग उघडून शोधायला बोटं चालत नाहीत. पोचल्यावर मेसेज करा, दुकानात बरोबर येईन.